पट्टीचा एकच रकाना

कामाच्या आठवणी लिहायला माणूस निवृत्त लागतो, असा समज आहे. मी निवृत्त नाही. मला वयाची चौतीस वर्षं पूर्ण झाली आणि दोन वर्षांपूर्वी मी नोकरी सोडली. का सोडली, याची मी आजवर तीन उत्तरं दिली. आईला सांगितलं, मुंबईची हवा मानवत नाही. आमच्या संगीत मंडळात सांगितलं, वरिष्ठांशी पटत नव्हतं. ऑफिसला सांगितलं, घरी अडचण आहे. तिन्ही उत्तरं खोटी. खरं उत्तर आता छापायलाच देते, म्हणजे पुन्हा कुणाला तोंडी सांगायला नको.

आधी माझा मूळ धंदा सांगते. मी पत्रकं लिहायची. आम्ही सिल्लोडकडचे, वडील नोकरीसाठी शहरात आले आणि मी तिथल्या छावणी भागात वाढले. आमच्या भागात गाण्याबजावण्याचं एकच छोटं सभागृह होतं. ते छत गळतं म्हणून बंद झालं. छत दुरुस्त करायचं सोडून लोकांनी दाराला कुलूप घातलं! तेव्हापासून मी लिहायला लागले. पिवळ्या कागदावर, एका पानात. पत्रकाचं शास्त्र सोपं आहे. पहिल्या ओळीला वाचणारा थांबला पाहिजे, तिसऱ्या ओळीला चिडला पाहिजे आणि शेवटी मागणी पाहिजे. मागणी नसलेलं पत्रक म्हणजे नुसता त्रागा. आई म्हणायची, "लई झाली तुझी पत्रकं. लग्नाच्या पत्रिकेवर बी मागण्या छापशील तू."

ते पत्रक घेऊन घरोघर फिरताना एका संध्याकाळी मी पडेगावात पोचले. एका बैठ्या घरातून गाणं येत होतं. येत होतं म्हणण्यापेक्षा खालून लागत होतं. आवाज इतका खोल की आधी पायाखालच्या फरशीला कळला आणि मग मला. मी दारात उभी राहिले. आत सत्तरीचे एक गृहस्थ, अंगात बिनबाह्यांचा स्वेटर, मांडीवर तानपुरा. त्यांनी हातानंच 'बस' म्हणून खूण केली. गाणं संपल्यावर पत्रक घेतलं, चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाले, "मराठी अच्छा है तुम्हारा. लेकिन हॉल खुलेगा तो सुनने कौन आएगा, बेटी?"

हे यासीनमामू. छावणीतल्या शाळेत तीस वर्षं संगीत शिकवून निवृत्त झालेले. त्यांचे चुलते एका जहागीरदाराच्या देवडीवर, म्हणजे वाड्यावर, गायचे. पोलीस ॲक्शननंतर देवडी उठली, बैठका संपल्या, आणि चुलत्यांनी उरलेलं सगळं गाणं या एका पुतण्याच्या गळ्यात उतरवलं. चुलत्यांचं नाव काढलं की मामूंचा हात आपोआप कानाच्या पाळीकडं जायचा. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. गाणाऱ्यांत गुरूचं नाव तोंडानं घेतलं की कानाला हात लावतात. आपल्यासारख्यानं हे नाव घेतलं, माफी असावी, असा त्याचा अर्थ.

त्या दिवशी ते पूरिया गात होते. मी विचारलं, यात एवढी हुरहुर कशाची आहे? तर म्हणाले, "सा म्हणजे घर. दुसरे राग घर में बैठ के गाते. पूरिया घर के सामने फिरता. दरवाजा दिखाना, अंदर नक्को जाना. सुननेवाले कू तरसाना. फिर एकदम..." आणि ते गाऊन घरात गेले. खालच्या 'नी'वरून 'सा'वर. निघताना उरलेली पत्रकं मी तिथंच विसरले, आणि मी पत्रकं विसरणारी मुलगी नाही.

तेव्हापासून दर गुरुवारी मी पडेगावला जायची. मला गाता येत नाही. मी तानपुरा लावून द्यायची, तेवढं त्यांनी शिकवलं. पण मामूंचा प्रश्न डोक्यातून जात नव्हता. सुनने कौन आएगा? आमच्या मंडळाच्या बैठकीला चाळीस खुर्च्या मांडायच्या, बावीस भरायच्या. कोणीही गावो, बावीसच. आणि ते बावीस जण एकमेकांकडं बघून मान डोलवायचे, जणू बाकीचं शहर बहिरं आहे.

मी चिडून नवीन पत्रक काढलं. 'चेहरे आणा!' टीव्हीवरची माणसं, खेळाडू, नट, ज्यांना लोक ओळखतात त्यांना गुरूसमोर बसवा, शिकू द्या, चुकू द्या, आणि ते लोकांना दाखवा. मंडळाचे अध्यक्ष काका मला म्हणाले, "कांचन, गाणं म्हणजे साबण आहे का जाहिरात करायला?"

"साबण निदान लोकांच्या घरात तरी जातो, काका," मी म्हणाले.

हे उत्तर मला अजून आवडतं. लाज वाटते तीही त्याचीच.

ते पत्रक कुणीतरी फोटो काढून पाठवलं, ते फिरत फिरत मुंबईत एका कार्यक्रम बनवणाऱ्या कंपनीकडं गेलं. त्यांना नेमका तसाच कार्यक्रम करायचा होता. प्रत्येक भागात एक प्रसिद्ध माणूस, एक गुरू, आठ दिवसांची तालीम, शेवटी परीक्षकांसमोर दोघांचं एकत्र गाणं किंवा वाजवणं. मला बोलावलं. हुद्दा मिळाला 'गुरू समन्वयक'. आईनं विचारलं, "म्हंजी काय करायचं?" मी म्हणाले, गुरू शोधायचे. ती म्हणाली, "लोक तर त्यासाठी हिमालयात जातात, तुला पगार देतेत व्हय!"

राहायचं छावणीतच, ऑफिससाठी मुंबईला ये-जा करायची. काम असं होतं. गावोगावचे गुरू शोधायचे, त्यांना कॅमेऱ्यासमोर बसण्याएवढं धीट करायचं, जोडी जमवायची आणि प्रत्येक जोडीचा एक छापील फॉर्म भरून मुंबईला पाठवायचा. त्या फॉर्मवर 'भावनिक क्षण' या मथळ्याखाली सहा ओळी होत्या. गुरूची गरिबी, आजारपण, तुटलेलं नातं, काय असेल ते. रागाच्या नावाला अर्धी ओळ. आणि 'पट्टी'ला एक छोटा चौकोन. जोडीला एक.

किस्से पुष्कळ आहेत. एक क्रिकेटपटू आला होता, तबला शिकायला. पहिल्या दिवशी गुरूंनी तीनतालाच्या सोळा मात्रा सांगितल्या. त्यानं बोटांवर मोजून विचारलं, "म्हणजे दोन ओव्हर आणि चार बॉल?" गुरू माझ्याकडं बघायला लागले. आठव्या दिवशी हा गडी समेवर असा अचूक येत होता की गुरूंनी मांडीवर थाप मारली. मैदानावर आयुष्यभर मोजत आलेला माणूस, त्याला मोजायला कोण शिकवणार? तो भाग मी आजही अभिमानानं दाखवते.

दुसरा एक विनोदी नट. त्यानं तानपुरा गिटारसारखा आडवा धरला आणि म्हणाला, "असा जास्त मजेशीर दिसेल." गुरूबाई साठीच्या होत्या. त्यांनी शांतपणे तानपुरा काढून घेतला आणि त्याच्या हातात उशी दिली. "तुम्ही आधी हिच्यावर सराव करा." ते मात्र कार्यक्रमात आलं नाही. गुरूनं नटापेक्षा मजेशीर असायचं नाही, असा नियम होता. छापलेला नव्हता, पण होता.

आणि एकदा संकलन करणाऱ्या मुलानं मला बोलावून पडदा दाखवला. "मॅडम, तुमचे हे सगळे गुरुजी सारखे कान का खाजवतात? काही इन्फेक्शन आहे का? मी सगळं कापलंय." मी त्याला समजावून सांगितलं. त्याला खरंच वाईट वाटलं, बिचारा चांगला होता. पण म्हणाला, "आता कळलं मला. बघणाऱ्याला कुठं कळणार?" कापलेलं कापलेलंच राहिलं.

मी सोडून द्यायला तिथूनच शिकले. आधी कान सोडला.

आता वहिनी. तिचं खरं नाव लिहीत नाही. तिच्या मालिकेत ती घरातली थोरली सून होती, आणि महाराष्ट्रभर बायाबापड्या तिला वहिनीच म्हणायच्या. आम्हीही म्हणायचो. तिला गाणं शिकायचं होतं, आणि मी क्षणाचाही विचार न करता मामूंचं नाव पुढं केलं. मामूंचा आवाज लोकांनी एकदा ऐकावा, याच एका गोष्टीसाठी मी त्या नोकरीत शिरले होते. बाकी सगळं त्याच्या वाटेवरचं.

निवडीसाठी मी फोनवर मामूंचा पूरिया चित्रित केला. अकरा मिनिटं, सलग. त्यातला दोन मिनिटांचा तुकडा मुंबईला पाठवला. उत्तर आलं, आवाज चांगला आहे, पण हे फार संथ आणि फार खाली आहे, यमन घ्या, यमन लोकांना ओळखीचा वाटतो. आणि हे उस्ताद दिसत नाहीत, शेरवानी घालतील का?

यमनला मी मुकाट होकार दिला, शेरवानीवरून मात्र पेटले! तीन दिवस भांडले. दोन पानांचा ईमेल लिहिला, पत्रकासारखा, शेवटी मागणीसकट. यासीनमामू शाळामास्तर आहेत, शर्ट आणि स्वेटरच घालतील, नाहीतर मी दुसरा गुरू देणार नाही. दिग्दर्शक हसून म्हणाला, "घालू दे बाबा स्वेटर." मी जिंकले. पडेगावला येऊन मामूंना मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ते म्हणाले, "शेरवानी तो मैं पहन लेता, बेटी. शादी में पहनी थी, अच्छा दिखता मैं."

वहिनी दोन दिवस पडेगावला येऊन राहिली, पुढची तालीम फोनच्या पडद्यावर झाली. मामू वैतागायचे. "मैं 'गलत' बोल्या तो तीन सेकंद बाद पहुंचता. तब तक वो चार गलत और करती." पण पोरगी मेहनती होती. चित्रीकरणाच्या गाडीत बसून सुरांचे पलटे घोटायची. तिच्या सरावाचे व्हिडिओ रोज येऊन पडायचे, मी ते मामूंना दाखवायची, त्यांचं म्हणणं तिला कळवायची. माझा फोन भरला. जागा करायला मी जुनं काढत गेले. मामूंचा पूरिया सगळ्यात मोठा होता. तो काढला. त्या वेळी मनात आलं तेही आठवतं. माणूस इथंच तर आहे, परत गाईल.

आता पट्टीचं सांगते, कारण सगळं तिथंच आहे. पट्टी म्हणजे गाणाऱ्याचा सा जिथं बसतो ती जागा. पेटीवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या असतात, त्यातली तुमची कोणती हे तुमचा गळा ठरवतो. चपलेच्या मापासारखं आहे. बायकांची पट्टी बहुधा वरची, पुरुषांची खालची. वहिनीची काळी चार. मामूंची काळी एक. दोघांना एकत्र गायचं तर कुणीतरी दुसऱ्याची चप्पल घालायची. सत्तरीच्या पुरुषानं काळी चारमध्ये गायचं म्हणजे वर गेलं तर आवाज फाटतो आणि खालच्या सप्तकात गेलं तर आवाजच उरत नाही. हे मला माहीत होतं. मामूंच्या घरी मीच दर गुरुवारी तानपुरा काळी एकला लावत होते. फॉर्ममध्ये चौकोन एकच होता. मी त्यात लिहिलं, काळी चार. मुंबईत त्या पट्टीत बाकीच्या वाद्यांचं संगीत आधीच ध्वनिमुद्रित झालं.

मामूंनी मला सांगितलं नाही असं नाही. मुंबईला निघायच्या आदल्या दिवशी म्हणाले, "कांचन, एक बात बोलूं? दो तंबूरे रखेंगे. पहले मैं मेरी पट्टी में गाता, दो मिनट. फिर उसका तंबूरा, वो गाएगी. लोकां कू बी फरक समजेगा, आदमी का गला कैसा, औरत का कैसा."

मी दिग्दर्शकाला विचारलंसुद्धा नाही. मीच म्हणाले, "नाय जमणार मामू. मधेच सूर बदलला की बघणारा गोंधळतो. चॅनल बदलतो."

हे वाक्य माझं नव्हतं. ते मी त्या ऑफिसात शंभरदा ऐकलं होतं, त्यावर शंभरदा चिडले होते. आणि त्या दिवशी ते माझ्या तोंडून, माझ्या आवाजात, आपोआप बाहेर पडलं.

मामू म्हणाले, "तू बोलती तो ठीक है."

स्टुडिओत सकाळी मामूंनी चुलत्यांचा तानपुरा गवसणीतून काढला आणि सवयीनं लावला. काळी एकला. पंचावन्न वर्षं रोज सकाळी जे केलं तेच. मीही शेजारी बसून खुंट्या धरल्या. आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नाही की हा तानपुरा नुसता दिसायला आहे. त्याच्यापुढं माईक नव्हता. चित्रीकरण सुरू झालं, मोठ्या स्पीकरमधून काळी चारचं संगीत सुटलं, आणि मामूंच्या बोटाखालच्या तारा काळी एक बोलत होत्या. त्यांनी एकदाच छेडलं. चेहरा असा झाला की जणू कुणी भर सभेत त्यांच्या चुलत्यांचं नाव चुकीचं घेतलं. मग त्यांनी तळहात तारांवर ठेवला आणि गाणं संपेपर्यंत काढला नाही.

वहिनी छान गायली. खरंच छान. शेवटी दोघांनी मिळून वरच्या गंधारावर जाऊन थांबायचं होतं, ही दिग्दर्शकाची हौस. मामू गेले. कबूल केलं होतं म्हणून गेले. मानेची शीर ताठ झाली, आवाज गंधाराच्या अलीकडं फाटला, आणि टाळ्या पडल्या. परीक्षक उठून उभे राहिले. सूत्रसंचालक म्हणाला, "वय झालं, तरी जिद्द बघा!"

वय झालं! अरे, त्या माणसाच्या गळ्यात तीन पिढ्यांची संध्याकाळ होती. तुम्ही त्याला दुसऱ्याच्या मापात कोंबलं आणि वर वयाची कीव केली. मी कॅमेऱ्यांच्या मागं उभी होते. ओरडायला हवं होतं. मी, जिनं गळक्या छतासाठी पिवळे कागद वाटले, ती तोंडात रुमाल धरून उभी राहिले. कारण तो चौकोन मी भरला होता.

भाग दाखवला गेला. लोकांनी डोक्यावर घेतला. छावणीत मामूंना रस्त्यात थांबवून लोक हात मिळवायचे, आणि मग प्रेमानं विचारायचे, "मामू, उस दिन गला बैठ गया था क्या?" प्रेमानं, हेच वाईट. कुणी टवाळी केली असती तर मामूंनी दोन शब्द सुनावले असते. ते म्हणायचे, "हौ, थोडा बैठ गया था." पुन्हा पुन्हा. आणि एक दिवस गायचे बंद झाले. मला सांगून नव्हे. मी गुरुवारी गेले, तानपुरा लावून समोर ठेवला, त्यांनी तो भिंतीला टेकवला आणि चहा मागवला.

इथं मला एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहिली पाहिजे, नाहीतर हे पत्रक होईल. त्या कार्यक्रमानंतर मामूंच्या दारात बारा मुली आल्या. पडेगावच्या, छावणीच्या, दोन मिटमिट्याहून. वहिनीनं गायलं ते शिकवा म्हणून. बाराच्या बारा टिकल्या नाहीत, पाच टिकल्या, आणि त्या पाच चांगल्या आहेत. मंडळाच्या बावीस खुर्च्यांनी इतक्या वर्षांत पाच दिल्या नव्हत्या. म्हणजे माझं 'चेहरे आणा' खोटं नव्हतं. ते खरं निघालं, हेच तर गिळता येत नाही. पण या पाच मुलींनी त्यांच्या गुरूचा आवाज ऐकलेला नाही. मामू पेटीवर बोट ठेवून दाखवतात, 'ऐसा' म्हणतात, आणि गप्प बसतात.

मी ऑफिसला कळवलं, निवडीसाठी पाठवलेला तुकडा परत द्या. दोनच मिनिटं का होईना. उत्तर आलं, निवड झाली की ते आम्ही ठेवत नाही. त्या आठवड्यात मी राजीनामा लिहिला. हे खरं उत्तर.

गुरुवार मात्र चालू ठेवला. जायचं, तानपुरा गवसणीतून काढायचा, काळी एकला लावायचा, समोर ठेवायचा. मामू तो भिंतीला टेकवायचे. आम्ही चहा प्यायचो आणि इकडचं तिकडचं बोलायचो. मी कधी 'गा' म्हणाले नाही. कोणत्या तोंडानं म्हणू?

गेल्या हिवाळ्यात अशाच एका गुरुवारी, उन्हं उतरताना, दारात गाडी थांबली. वहिनी. दौलताबादच्या बाजूला तिच्या नव्या मालिकेचं चित्रीकरण होतं, ते लवकर आटोपलं म्हणून ती एकटीच आली होती. बरोबर कॅमेरा नाही, माणसं नाहीत. तिनं मामूंच्या पायाला हात लावला, मामू "बस बस, जीती रह" म्हणाले. तिनं गाणं सोडलेलं नव्हतं. तिनं गाऊन दाखवलं, मामूंनी पेटीवर दोन जागा दुरुस्त केल्या. मग ती सहज म्हणाली, "मामू, तुम्ही एकदाही तुमच्या सुरात शिकवलं नाही मला. तुमची पट्टी कोणती?"

जो विचारायचा मला पगार मिळत होता, तोच हा प्रश्न. मीच म्हणाले, "काळी एक."

"मग मी त्यात गाऊन बघू?" तिनं भिंतीचा तानपुरा घेतला. तो लावलेलाच होता. तिनं छेडला, डोळे मिटले आणि पूरियाच्या खालच्या 'नी'वर उतरायला गेली. आवाज निघालाच नाही. नुसती हवा. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा हवा. ती हसायला लागली. "येतच नाही हो मामू!"

"आएगा कैसे?" मामूही हसले. "तेरी पट्टी नै वो. तेरेकू वहां जमीनच नै."

"पण तुम्ही माझ्या पट्टीत गायलात की."

मामूंचं हसू थांबलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, हे त्यांचे उपकार. त्यांनी तानपुरा तिच्या हातातून स्वतःकडं घेतला आणि म्हणाले, "वहां ऐसा जाते."

आणि नी लागला. खालचा, तोच. आधी फरशीला कळला. दोन वर्षांत आवाजाला काही झालं नव्हतं. वयाचं नाव नव्हतं. तो नी त्यांनी धरून ठेवला, जरा हलवला, कोमल ऋषभाला हात लावून परत आले, पुन्हा नी. दरवाजा दिसत होता. फोन माझ्या पिशवीत होता. मी हात लावला नाही. या वेळी भरून ठेवायचं नव्हतं, ऐकायचं होतं. आता घरात जातील, आता, एवढंच माझ्या अंगात उरलं होतं.

बाहेर कुणीतरी ओरडलं, "अगं वहिनी आलीय! मामूच्या घरी!"

कडी वाजली. एकदा, दहादा. "मामू, दरवाजा खोलो ना!" "ओ वहिनी, एकच फोटो!" मामूंनी तळहात तारांवर ठेवला. मला तो तळहात ओळखीचा होता.

दार उघडावं लागलं. पाचपंचवीस माणसं, पीठभरल्या हातांच्या बाया, कडेवर पोरं. मीच म्हणाले होते ना, चेहरे आणा, लोक येतील. आले. फोटो झाले. एका बाईनं आत डोकावून विचारलं, "अन् हे म्हातारबुवा कोण? मालिकेत तुमचे सासरे होणार का?"

"माझे गुरू," वहिनी म्हणाली. "यासीनमामू." आणि नाव घेताना तिचा हात कानाच्या पाळीकडं गेला. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. आमच्या कार्यक्रमात तर ते कापलेलंच होतं. दोन दिवस या घरात राहून तिनं ते बघितलं असणार.

"कान दुखतो का हो?" बाईनं काळजीनं विचारलं.

वहिनी गेली, माणसं पांगली. मी चहाचे कप विसळले. मामूंनी तानपुरा गवसणीत घातला नाही, भिंतीलाही टेकवला नाही. गादीवर तसाच आडवा ठेवला. मी निघताना म्हणाले, "येते मामू. गुरुवारी." ते म्हणाले, "हौ."

पत्रकाच्या शेवटी मागणी लिहायची मला सवय आहे, म्हणून लिहिते. असे कार्यक्रम काढणाऱ्यांनो, काढा. चेहरे आणा, खुशाल आणा, लोक येतात, मी डोळ्यांनी पाहिलं. फक्त त्या फॉर्मवर पट्टीचे दोन चौकोन छापा, आणि दुसरा, गुरूचा चौकोन आधी भरा.

माझी स्वतःची मागणी वेगळी आहे, आणि ती टीव्हीकडं नाही. ती मी अजून तोंडानं केलेली नाही. दर गुरुवारी उन्हं उतरायच्या आत पडेगावला जाते, तानपुरा काळी एकला लावते, मामूंच्या समोर ठेवते आणि दाराला आतून कडी घालते.